उलटा पाझर

इचलकरंजीच्या मागपेठेत शुक्रवारी माग बंद असतात आणि शाळा चालू असते. आठवड्याचे बाकी दिवस वर्गात शिकवायचं म्हणजे घसा फाडायचा, कारण शाळेच्या तिन्ही बाजूंना जुन्या यंत्रमागांचे कारखाने आहेत. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवे, जवळजवळ बिनआवाजी माग कधीच आले, पण मागपेठेतले, इकडून तिकडे आपटत जाणाऱ्या धोट्याचे माग काही हटले नाहीत. त्यामुळे ज्या कामाला शांतता लागते ते शुक्रवारी उरकून घ्यायचं, ही शाळेची जुनी रीत. तोंडी परीक्षा शुक्रवारी, वक्तृत्व स्पर्धा शुक्रवारी, आणि अलीकडे बैठकसुद्धा शुक्रवारीच.

त्या शुक्रवारी वनिता हावळ बाईंनी वरच्या मजल्यावरच्या खोलीत सतरंजी अंथरली, मधोमध एक लाकडी कांडी ठेवली आणि दोन्ही स्पंदपट्टे ओल्या फडक्यानं पुसून घेतले. कांडी त्यांच्या आईची. धोट्यात बसवायच्या कांड्या सुतानं भरण्यात आईचं आयुष्य गेलं, आणि वडील त्याच पेठेत जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. बैठकीत ही कांडी हातोहात फिरायची. ज्याच्या हातात कांडी त्यानं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. हा नियम बाईंनी स्वतः घातला होता, अशा बैठकी सक्तीच्या करणारा कायदा येण्याच्या कितीतरी आधी. मारामारी करणाऱ्या पोरांना शाळेतून काढून टाकण्यापेक्षा समोरासमोर बसवावं, कुणाचं काय मोडलं ते ऐकवावं आणि कसं सांधायचं ते त्यांनाच ठरवू द्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं असे. तेव्हा शिक्षकांच्या खोलीत त्यांच्या सतरंजीची पुष्कळ टर उडवली जायची.

स्पंदपट्टे नंतर आले. रुंद, राखाडी, छातीभोवती बांधायचे. एक दुखावलेल्याला, दुसरा दुखावणाऱ्याला. बोलता बोलता दुखावलेल्याच्या काळजाचे ठोके आणि श्वास पहिला पट्टा टिपायचा, आणि दुसरा पट्टा तेच जसंच्या तसं समोरच्याच्या छातीवर उमटवायचा. ठोक्याला ठोका. इकडे श्वास अडकला की तिकडे पट्टा बरगड्यांभोवती आवळायचा. ज्याला घाबरवलं त्याची भीती घाबरवणाऱ्याच्या अंगावर, इतकी साधी कल्पना. मग त्या भीतीनं त्याचं स्वतःचं काळीज हललं का, हे यंत्र मोजायचं. त्यासाठी प्रत्येक मुलाला जूनमध्ये शांत बसवून एक मूळ नोंद घेतलेली असायची. बैठकीत ठोके त्या नोंदीच्या किती वर गेले त्यावरून आकडा निघायचा, आणि कंपनीनं त्या आकड्याला नाव दिलं होतं पाझर.

पाझर दिसला की प्रकरण शाळेतच मिटायचं, माफी आणि भरपाई ठरवून. नाही दिसला तर आणखी एक बैठक. तिथंही नाही दिसला तर शाळेच्या हातात काही उरत नसे. कायद्यानं प्रकरण आपोआप पोलिसांकडे आणि तिथून बाल न्याय मंडळापुढं जायचं.

हे यंत्र यावं म्हणून सगळ्यात जास्त कोण भांडलं असेल तर त्या हावळ बाईच. आधी काय व्हायचं, कोण खरंच पस्तावलंय हे डोळ्यांनी ठरवलं जायचं. ज्या पोरांना रडता यायचं त्यांना माफी, आणि घुम्या पोरांना पोलीस. कुणाच्या काकांचा फोन आला की मुख्याध्यापक नरंदे सरांनाही त्या पोराच्या डोळ्यांत पश्चात्ताप दिसू लागायचा. पट्ट्याला आडनाव कळत नाही, असं बाई ठासून सांगायच्या. आणि पहिल्याच वर्षी सातवीतल्या एका दांडगटानं, ज्याला त्यानं संडासात कोंडलं होतं त्या पोराची धडधड छातीवर आल्याबरोबर, हुंदका देऊन पट्टा ओरबाडून काढला आणि त्या पोराला मिठी मारली, तेव्हा बाई स्वतःही रडल्या होत्या. आपलं आयुष्य कारणी लागलं असं त्यांना त्या दिवशी वाटलं.

सगळेच पाझरत नव्हते. काही थोड्या मुलांच्या बाबतीत आकडा वर जाण्याऐवजी खाली जायचा. समोरचा घाबरला की ही पोरं निवांत व्हायची. कंपनीच्या पुस्तिकेत त्याला उलटा पाझर म्हटलं होतं, आणि दुसऱ्याच्या वेदनेत सुख मानण्याची प्रवृत्ती असा अर्थ दिला होता. सोहेल बागवान तसाच मंडळापुढं गेला. त्याच्या पुढच्या वर्षी विनायक जमादार. बाईंना त्यांचं वाईट वाटलं होतं, पण असतात काही पोरं तशी, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

आज नववीतल्या प्रांजल म्हेत्रेची बैठक होती. समोर सानिका चौगुले, पेठेबाहेरच्या शांत कॉलनीत राहणारी. दोघी पाचवीपासून एका बाकावरच्या. मागपेठेतली पोरं मोठ्यानं बोलतात. त्यात प्रांजलचा आवाज जास्तच चढा, कारण तिचं घर म्हणजे कारखान्याला लागून असलेली खोली. तरीही तिनं वक्तृत्व स्पर्धेत नाव दिलं. व्यासपीठावर तिची पहिली दोन वाक्यं झाली आणि मागून सानिकानं तिच्यासारखाच आवाज काढून नक्कल केली. सगळा हॉल हसला. स्पर्धा संपल्यावर व्हरांड्यात प्रांजलनं तिला ढकललं. ढकलायला एक क्षण लागला, पण मागं ढालींचं काचेचं कपाट होतं. सानिकाच्या उजव्या हाताची शीर तुटली. शस्त्रक्रिया झाली, जखम भरली, पण दोन बोटं वळेनात.

बैठकीला सानिकाची आई होती, नरंदे सर होते, आणि कारखान्यातली शुक्रवारची साफसफाई सोडून आलेली प्रांजलची आई काजल होती. तिच्या केसांत सुताची रुई अडकलेली होती. सानिकानं कांडी डाव्या हातात घेतली. काच फुटल्याचा आवाज, मग रक्त, मग हात आहे की गेला हे बघायलाही धीर झाला नाही, ते सगळं तिनं सांगितलं. वहीत आता अक्षर येत नाही हेही सांगितलं. सांगता सांगता तिचा श्वास अडकू लागला. बाईंच्या हातातल्या पडद्यावर तिची रेघ उसळत होती.

प्रांजलची रेघ आधीपासूनच उंच होती. बाईंना वाटलं, पोर घाबरलीय, साहजिक आहे. पण सानिकाची धडधड तिच्या छातीवर उमटू लागली तशी ती रेघ घसरायला लागली. प्रांजलचे ताठलेले खांदे सैल पडले. वळलेल्या मुठी मांडीवर उघडल्या. पापण्या जड झाल्या. खोलीतल्या सगळ्यांना ते दिसलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली ती नियमाप्रमाणे सगळ्यांना दाखवावीच लागली. उलटा पाझर.

सानिकानं पडद्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे.

"प्रांजल, तुला बरं वाटलं?"

कांडी सानिकाच्या हातात होती. प्रांजलनं तोंड उघडलं, बाईंकडे पाहिलं आणि मिटलं. मध्ये बोलायचं नाही, हा नियम तिला पाचवीपासून पाठ होता. सानिकानं कांडी सतरंजीवर ठेवली आणि ती आईचा हात धरून निघून गेली.

सगळे गेल्यावर बाईंनी प्रांजलला थांबवून घेतलं. पट्टा बांधल्यावर काय वाटलं ते खरं सांग, म्हणाल्या. पोर सतरंजीचा दोरा ओढत राहिली.

"खरं सांगू, बाई? बरं वाटलं. जवळ कुणीतरी हाय असं वाटलं."

आयुष्यभर बाईंनी नव्या शिक्षकांना एकच गोष्ट शिकवली होती. पोरानं काही भलतंच सांगितलं तर रागावू नका, का ते विचारा. त्या दिवशी त्यांनी का ते विचारलं नाही. त्यांच्या अंगावर काटा आला होता. सानिकाची ती न वळणारी बोटं त्यांच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तू अशी निघशील असं वाटलं नव्हतं, एवढं त्या बोलल्या आणि पट्टे गुंडाळायला लागल्या. प्रांजल दारात उभी होती, तिच्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या बैठकीला सानिका येतच नव्हती. बाईंनी तिच्या घरी जाऊन हातापाया पडून तिला तयार केलं. का केलं, त्यांनाच सांगता आलं नसतं. कुठंतरी आशा असावी.

त्या शुक्रवारी प्रांजल धापा टाकत खोलीत आली. केस विस्कटलेले, चेहरा घामानं थबथबलेला. खालपासून वरपर्यंत जिना ती पळत चढत होती, उतरत होती, पुन्हा चढत होती, हे शिपायानं बाईंना सांगितलं. म्हणजे काळीज वाढवून ठेवायचं आणि यंत्राला फसवायचं. बाईंना रागही आला आणि आत काहीतरी तुटलंही. पट्टा बांधण्याआधी श्वास बसू द्यायचा असा नियम होता, म्हणून त्या तिला घेऊन खिडकीपाशी थांबल्या. बाहेर मागपेठ गप्प होती.

"मला वाईट वाटतंय, बाई," प्रांजल म्हणाली. "लई वाटतंय. जेवण जात न्हाई. सानिकाचं बोट रोज सपनात येतंय. मग मशीनला का दिसंना?"

बाई म्हणाल्या, मशीनला जे असतं तेच दिसतं. हे वाक्य नंतर त्यांना फार छळणार होतं.

रेघ या वेळी आणखी खाली गेली. सानिका या खेपेला काहीच बोलली नाही, नुसती बसून राहिली. पण तिच्या भीतीला शब्दांची गरज नव्हती, आणि त्या भीतीच्या ठोक्यांवर प्रांजलची मान हळूहळू छातीवर कलली. सानिकाच्या आईनं तोंडावर पदर धरला. नरंदे सर चष्मा काढून पुसत बसले. पुढचं सगळं आपोआप झालं. कुणाला काही ठरवावं लागलं नाही, आणि त्यातच यंत्राचा मोठेपणा आहे असं बाईंनी पूर्वी कित्येक सभांमधून सांगितलेलं होतं.

प्रांजलला जिथं पाठवलं ते निरीक्षणगृह शहरापासून लांब, एका माळावर होतं. काजलला रजा मिळाली नाही, म्हणून पोलीसताईंबरोबर बाई गेल्या. जागा बरी होती. आवारात चिंचेची झाडं, स्वच्छ खोल्या, भांडणतंटा नाही. तिथल्या अधीक्षक बाईंनी कौतुकानं सांगितलं की इथली शांतता हेच खरं औषध, सुरुवातीला पोरं बावरतात पण पुढं छान झोपतात. ऐकून बाईंना जरा हायसं वाटलं.

फाटकाशी प्रांजलनं एकच गोष्ट विचारली.

"हितं जवळ एखादा कारखाना न्हाई का, बाई?"

नाही, बाई म्हणाल्या, अगदी शांत आहे, अभ्यास कर. प्रांजलनं मान हलवली. रडली नाही. ती रडली नाही हेही बाईंनी मनात टिपून ठेवलं, पडद्यावरच्या रेघेला पुरावा म्हणून.

तिचं दप्तर शाळेतच राहिलं होतं. ते पोचवायला बाई एका दुपारी म्हेत्र्यांच्या खोलीवर गेल्या. खोली आणि कारखाना यांच्यात एकच भिंत, आणि ती भिंत दिवसभर थरथरत असायची. भांड्यांच्या फळीवरची भांडी किणकिणत होती. छताच्या लोखंडी पाइपला जुन्या साडीची झोळी बांधलेली होती आणि तीत प्रांजलची धाकटी बहीण, अजून वर्षाचीही नसलेली, गाढ झोपली होती. इतक्या गोंगाटात ही झोपते कशी, असं बाहेरच्या माणसानं विचारलं असतं. बाईंना तो प्रश्न पडला नाही. मागपेठेत जन्मलेल्या माणसाला मागाचा आवाज ऐकूच येत नाही.

काजलनं चहा टाकला. तिनं पोरीची चौकशी केली. मी काय चुकले बाई, एवढंच ती पुन्हापुन्हा विचारत होती. तेवढ्यात वीज गेली.

सगळे माग एकदम थांबले. भिंत थरथरायची थांबली, भांडी गप्प झाली, आणि झोळीतलं मूल दचकून उठलं. साधं उठलं नाही. हातपाय ताठ करून, डोळे विस्फारून, जिवाच्या आकांतानं किंचाळायला लागलं. काजल मुळीच गडबडली नाही. तिनं कोनाड्यातली एक रिकामी कांडी उचलली आणि झोळीच्या पाइपवर भराभर ठोकायला लागली. टक टक टक टक.

"लाइट गेली न्हवं," ती म्हणाली. "माग थांबला की भेतीया. आमची समदीच तशी."

मूल ऐकत राहिलं. त्याचे ताठलेले खांदे सैल पडले. मुठी उघडल्या. पापण्या जड झाल्या.

बाईंच्या हातातला कप तसाच राहिला. हे त्यांनी पाहिलं होतं. अगदी हेच, याच क्रमानं, वरच्या मजल्यावरच्या खोलीत, दोनदा.

त्यांनी कप खाली ठेवला आणि आपल्या मनगटावर बोट ठेवलं. वीज गेल्यापासून त्यांची स्वतःची नाडी उडत होती. उडत होती आणि त्यांना ते कळलंही नव्हतं, इतकी त्याची सवय. कांडीचे ठोके पाइपवर पडत होते, जुन्या मागाच्या चालीनं. ती चाल त्यांनी पुन्हा नीट ऐकली. मग घाबरलेल्या सानिकाची पडद्यावरची रेघ आठवली. भेदरलेल्या माणसाचं काळीज आणि धोट्याचा माग, दोघांची चाल एकच होती.

मग एकामागून एक सगळं डोळ्यांपुढं आलं. लहानपणी शुक्रवारच्या रात्री त्यांना झोप यायची नाही. आई त्यांच्या पाठीवर ठोकत बसायची. लग्न होऊन शहराच्या शांत भागात गेल्यावर कित्येक वर्षं त्या उशाला पंखा लावून झोपल्या, पावसाळ्यातसुद्धा. सुट्टीच्या रात्री मागपेठ जागी असते, हा तर पेठेतला नेहमीचा थट्टेचा विषय. माग चालू म्हणजे पलीकडे आई जागी आहे, उद्याची चूल पेटणार आहे. माग बंद म्हणजे काहीतरी बिघडलंय. हे इथं प्रत्येकाच्या अंगात मुरलेलं होतं, आणि इथल्याच एका बाईनं दर जूनमध्ये इथल्याच पोरांना मुद्दाम शुक्रवारी, गप्प पेठेत, गप्प खोलीत बसवून त्यांची मूळ नोंद घेतली होती. परगावचा कुणी असता तर आवाजाला वैतागून निदान त्याची दखल तरी घेतली असती. शांततेत पोरं शांत असणार हे बाईंनी गृहीत धरलं. ती आतून थरथरत होती आणि यंत्रानं ती थरथर शांत म्हणून लिहून घेतली.

प्रांजलच्या छातीवर सानिकाची भीती ठोके देत होती आणि प्रांजलच्या अंगाला वाटत होतं, माग सुरू झाला. जवळ कुणीतरी आहे. तिनं तर ते सांगितलंही होतं.

वीज आली. भिंत पुन्हा थरथरू लागली. बाई तिथंच, काजलसमोर, दप्तर छातीशी धरून रडल्या. काजलला वाटलं त्या पोरीसाठी रडताहेत. तेही खरंच होतं. पण त्यात सोहेल होता, विनायक होता, आणि नावं आठवू नयेत असं वाटणारी आणखी काही पोरं होती. सगळी याच गल्ल्यांमधली. याच भिंतींना पाठ लावून वाढलेली.

दुसऱ्या दिवसापासून बाईंनी जे करता येईल ते केलं. कंपनीच्या माणसानं फोनवर शांतपणे ऐकून घेतलं आणि सांगितलं की यंत्र इतर सगळीकडे व्यवस्थित चालतं. ठोके खाली आले हे खरं आहे ना, मग यंत्रानं खोटं काय दाखवलं? नरंदे सर म्हणाले, आधीचीही प्रकरणं उघडावी लागतील, जरा विचार करा. मंडळावरच्या सदस्य बाई भल्या होत्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, मध्ये प्रश्नही विचारले, पण नवी मूळ नोंद घ्यायची तरतूद कायद्यात नव्हती. वर विचारावं लागेल, म्हणाल्या. तोवर मुलगी आहे तिथंच राहील. पुढची तारीख दिवाळीनंतरची पडली.

सदस्य बाईंनी जाता जाता एक गोष्ट बोलून दाखवली. दुखावलेली मुलगी काही म्हणत असेल तर ते मंडळ ऐकू शकतं, आजही.

सानिकाकडे जायला बाईंचे पाय निघत नव्हते. त्या मुलीला काय सांगायचं? तुझी भीती तुझ्या मैत्रिणीला अंगाईसारखी वाटली, म्हणून तिला माफ कर? जिचा हात गेला तिलाच पुन्हा समजूतदार व्हायला सांगायचं, हे कुठल्या न्यायात बसतं? तरी त्या गेल्या. जाताना पिशवीत एक स्पंदपट्टा घेतला. शाळेबाहेर पट्टा न्यायची परवानगी नव्हती, आणि ती मागायला त्या थांबल्या नाहीत.

सानिका दिवाणावर बसून हाताचा व्यायाम करत होती. रबरी चेंडू दाबायचा, सोडायचा. तीन बोटं दाबायची, दोन ताठ राहायची. बाईंनी झोळीचं सांगितलं, विजेचं सांगितलं, मागाच्या चालीचं सांगितलं. सानिका चेंडू दाबत राहिली. तिची आई दारात उभी राहून ऐकत होती आणि तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं की बाईंनी आता जावं.

"मी पाहिलंय ना, बाई," शेवटी सानिका म्हणाली. "ती हसली नाही एवढंच. मी घाबरले होते आणि तिला बरं वाटत होतं. तुम्ही कारण सांगताय. पण मी ते पाहिलंय."

एकानं पाहिलेलं दुसऱ्याच्या सांगण्यानं पुसलं जात नाही, हे सतरंजीवर बसून त्या स्वतःच शिकल्या होत्या. त्यांनी पिशवीतून पट्टा काढला.

इतकी वर्षं पट्टे एकाच बाजूनं वाहत होते. दुखावलेल्याकडून दुखावणाऱ्याकडे. उलट बाजूनं लावून बघावं असं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, बाईंच्याही नाही. त्यांनी सानिकाला विचारलं की बांधू का. नको म्हणालीस तर मी निघते, पुन्हा येणार नाही. सानिकानं आईकडे पाहिलं. मग चेंडू बाजूला ठेवला आणि हात वर केले.

बाईंनी पट्टा बांधला आणि साठवलेली एक नोंद सुरू केली. आधी काहीच झालं नाही. मग सानिका दचकली. तिचा डावा हात आपोआप छातीवर गेला, पट्ट्यावर. ठोके बाईंना ऐकू येत नव्हते, पण ते किती भराभर पडताहेत हे त्या पोरीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बरगड्यांभोवती पट्टा आवळला, सुटला, पुन्हा आवळला. सानिकानं ओठ घट्ट मिटून घेतले. तिला बाकी कुणाहूनही जास्त चांगलं ठाऊक होतं, हे काय आहे ते. अशी धडधड तिनं स्वतः भोगली होती, काचेच्या ढिगात बसून.

"ही प्रांजल?"

बाईंनी मान डोलावली.

"मला ढकललं तेव्हाची?"

"नाही. तेव्हा कुठं पट्टा होता." बाई म्हणाल्या. "ही जूनमधली. मूळ नोंद. ती नुसती शांत बसली होती तेव्हाची."

सानिकानं उजवा हातही उचलून पट्ट्यावर ठेवला, ती दोन न वळणारी बोटं तशीच ताठ, आणि पुष्कळ वेळ ती त्या ठोक्यांवर दोन्ही हात धरून बसली, थरथरणाऱ्या पाखराला धरावं तशी. तिच्या आईनं दारातून पुढं येऊन पट्टा सोडायला हात केला, तर तिनं नको म्हणून मान हलवली. पाचवीपासून एका बाकावर खांद्याला खांदा लावून बसूनही हे तिला कधी कळलं नव्हतं.

नोंद संपली. पट्टा सैल पडला. खिडकीबाहेरची कॉलनी शांत होती, इकडच्या सगळ्या कॉलन्या असतात तशीच. सानिकानं ती शांतता थोडा वेळ ऐकली.

"तुम्ही तिला जिथं सोडून आलात," तिनं विचारलं, "तिथं जवळपास माग आहेत?"

"नाहीत."

"मग बाई, ती झोपते कशी?"